दही-साखरेचं वजन

व्हाकोआ, मॉरिशस
२ मे २००६

चि. सौ. वीणास,
अ. उ. आ.

आमची लेक तुझ्याकडे लंडनला पोचली, जीव भांड्यात पडला. मधुमतीचा आता महिनाभर सराव, मग लीड्सची वेटलिफ्टिंग स्पर्धा. एवढंसं आमचं बेट, त्यातून मुलींमध्ये ही एकटी निवडली गेली. पण ह्यांनी बजावलंय, लीड्सला खेळली नाहीस तर लोखंड सोडायचं आणि शाळेत शिकवायला लागायचं. चार वर्षांत हे एकदाही तिची स्पर्धा बघायला गेले नाहीत.

तिचा गट त्रेपन्न किलोचा. शंभर ग्रॅम जास्त भरले तरी उभं करत नाहीत. तुझा हात सढळ, म्हणून बजावते, लाडू-बिडू चारू नकोस. रविवारी वेणीला तेल तेवढं लाव.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.
यमुनाताई

हॅरो
२१ मे २००६

ती. सौ. यमुनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शपथ, लाडवांचा डबा लॉफ्टमध्ये टाकलाय. मधू उकडलेलं चिकन खाते. परवा तिने वॉशिंग मशीन पुढून उचलून धरलं, तर खाली ह्यांचे हरवलेले तीन मोजे मिळाले. तेव्हापासून हे तिला मधुमतीताई म्हणतात.

सरावाला निघताना फक्त हातावर दही-साखर देते, सकाळ-संध्याकाळ, पळीभर. परक्या देशात पोरीला तशीच कशी बाहेर काढू? आणि शकुन म्हणजे काही खाणं नव्हे.

भावोजींना नमस्कार, माझा राग आला तरी लोभ राहू दे.
वीणा

हॅरो
११ जून २००६

ती. सौ. यमुनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कान पकडते. लीड्सला मधू त्रेपन्न किलो एकशे ऐंशी ग्रॅम भरली. कोचबाईंनी विचारलं, काय खायला घातलंत. मी म्हटलं, काही नाही, नुसतं दही-साखर, दिवसातून दोनदा. बाई मटकन खाली बसल्या.

तासाभरात पुन्हा वजन करता येतं. घाम गाळून वजन उतरवायला मधूने ह्यांचा हिवाळी कोट आणि दोन टोप्या चढवल्या आणि कार पार्कभर धावली. एकटी कशी धावणार, म्हणून मीही पदर खोचून मागे. माझ्यामागे हे, पाण्याची बाटली घेऊन. तिला पाणी चालत नाही, ते सगळं मीच प्यायले.

बारा मिनिटं उरली आणि अजून साठ ग्रॅम जास्त. मधू रडत होती, बाबांना काय सांगू म्हणत होती. मग एकदम म्हणाली, मावशी, कात्री दे. ताई, बारा वर्षं तू तेल घातलेली वेणी मी माझ्या हाताने कापली. मला हुंदका आवरेना. काट्यावर बरोबर त्रेपन्न.

पोरगी सातवी आली. पण आजवर कधी उचललं नव्हतं एवढं वजन डोक्यावर धरून चक्क हसत होती, आणि मी शेजारच्या अनोळखी गोऱ्या आजोबांना मिठी मारली. वेणी पाकिटात आहे, सोबत मधूचा फोटो. भावोजींना तूच सांग, माझी छाती नाही.

माफी आणि लोभ, दोन्ही मागते.
वीणा

व्हाकोआ, मॉरिशस
२ जुलै २००६

चि. सौ. वीणास,
अ. उ. आ.

वेणी पाहून मी रडले, मग फोटोतलं मधूचं केस कापलेलं डोकं पाहून हसत सुटले. ह्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, वीणाची पळी केवढी आहे.

मधू गेल्या आठवड्यात घरी परतली. आज पुन्हा सरावाला निघाली, तर दारात हे उभे, हातात वाटी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच ग्रॅम दही-साखर तोलून आणली होती. मिठाच्या चमच्याने तिच्या तळव्यावर ठेवली. ती चाटून गेली, तरी हे दारातच. मग रिकाम्या वाटीकडे बघत मला म्हणाले, पुढच्या स्पर्धेला आपण दोघं जाऊ.

लोभ कर, पण बेताने वाढ.
यमुनाताई