भैरवीच्या आधी सुटणारी बस

शनिवार, ११ जानेवारी १९९७

एक समई पेटवायला माणसं किती लागतात? आज पाच लागली. पाचव्याच्या हातातली मेणबत्ती विझली, म्हणून पहिल्याला परत बोलावलं. मग स्वागत. मग पाहुण्यांची ओळख, मग ओळख करून देणाऱ्याची ओळख. प्रमुख पाहुणे बंदरावरचे कोणी मोठे साहेब — मुरगावात वर्षाला किती खनिज चढतं ते सांगत बसले. बाजूला कोलकात्याचा सतारवादक मांडी घालून बसलेला. सतार लावून झाली होती, तीही बिचारी एव्हाना उतरली असेल.

तसं विद्यापीठाला नाव ठेवायला जागा नाही. चार शनिवार, चार तऱ्हेचं संगीत, बाहेरून कलावंत आणतात आणि ऐकायला पैसा घेत नाहीत. पण पणजीहून साखळीची शेवटची बस कोणाच्या भाषणासाठी थांबत नाही. सतारीची लय आता कुठे चढत होती आणि कमलाक्षीने कोपराने ढोसलं. ‘चल गो, सुमंगला.’ उठलो. मागच्या रांगेतून उठलं तरी चप्पल वाजतेच.

बसमध्ये तिला म्हटलं, भैरवी राहिली. ‘राहिली,’ म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर काळोख. बघण्यासारखं काही नव्हतं.

रविवार, १२ जानेवारी

चाळीस वर्षं कमलाक्षीच्या आणि माझ्या घरांमध्ये एक दगडी गडगा आहे, आणि आज कळलं की तिने बैठकीतली भैरवी कधी ऐकलेलीच नाही. कपडे वाळत घालता घालता म्हणाली. लहानपणी देवळात गाणं असायचं, बापूस घेऊन जायचा. ‘पण भैरवी येईपर्यंत मला झोप. खांद्यावर घालून घरी आणायचे. मग लग्न. मग पोरं. आता हे.’ ‘हे’ म्हणजे बाबुराव. चार वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळल्यापासून बायकोशिवाय कोणाच्या हातचं औषध घेत नाहीत. सून मालती बसते त्यांच्यापाशी, पण तोंड घट्ट मिटून पडून राहतात. म्हणून शेवटची बस चुकवून चालत नाही.

‘रेडिओवर लागते की भैरवी,’ मी म्हटलं.

‘ती वेगळी. सगळं गाणं ऐकून मग येते ती पाहिजे.’

मी बोलून गेले — तुला मी ऐकवीन. बोलले म्हणजे झालं. दिलेला शब्द मोडला की कॉन्व्हेंटातल्या मदर ॲग्नेस गुडघ्यांवर उभं करायच्या. ते गुडघे अजून लक्षात आहेत.

शनिवार, १ फेब्रुवारी

हंगेरीचे चौघे. तीन लहानमोठी व्हायोलिनं आणि एक गुडघ्यांत धरायचं. सुरेख. कॉन्व्हेंटमध्ये पियानोवर बडवलेल्या सुरावटी ओळखीच्या माणसांसारख्या भेटत होत्या. पण आपले लोक! एक भाग संपला की टाळ्या. अरे, अजून तीन भाग आहेत! मी उभी राहून ओठांवर बोट ठेवलं. शाळेतल्या चाळीस वर्षांत त्या बोटाने दगा दिलेला नाही, आजही मागच्या सहा रांगा गप्प झाल्या. शेवटी तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या की भीतीने गप्पच बसले, कळायला मार्ग नाही. आम्ही बसमध्ये होतो.

सुरुवातीच्या भाषणांत गुरुदासला दाराशी गाठलं. या कार्यक्रमांचा सगळा कारभार त्याच्याकडे. विद्यापीठात प्राध्यापक झालाय, पण आठवीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर असायचा. विचारलं, ‘काय रे, ही भाषणं ऐकायला कोणी येतं का?’

‘रिवाज आहे, बाई.’

‘आमच्या मदर ॲग्नेस घंटा झाली की दार लावून घ्यायच्या. बिशपला उशीर झाला, बिशप बाहेर.’

‘बिशपला बाहेर ठेवता येतं, बाई. मंत्र्यांना नाही.’

हसू आलं. तोंड आहे पोराला. पण ऐकवायचं ते ऐकवलंच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आफ्रिकेचा वादक. एवढा मोठा भोपळा, त्याला पुढून तारा. कमलाक्षी कानात म्हणाली, ‘आपल्या मांडवावरच्या भोपळ्याचं आपण उगाच सांबार केलं.’ वाजवलं मात्र असं की ओहोळाचं पाणी दगडांवरून यावं.

त्याआधी अर्थात भाषण. आज भारत–आफ्रिका मैत्री, व्हास्को द गामापासून. वक्ता मोझांबिकपर्यंत आला तेव्हा मी ‘पुरे’ म्हटलं. हळूच म्हटलं. कमलाक्षी म्हणते सगळ्या सभागृहाने ऐकलं. तिला सगळंच मोठं ऐकू येतं.

लोक हसले. गडी खाली बसला. तरी बसची वेळ आलीच.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गुरुदास घरी आला. येताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे-पाव घेऊन आला, तेव्हाच ओळखलं, काहीतरी काम आहे.

शेवटचा कार्यक्रम धारवाडच्या पद्मावतीबाईंचा. ख्याल, आणि शेवटी भैरवी. मंत्र्यांना दिल्लीला जायचंय. ‘बाई, प्रमुख पाहुण्या म्हणून तुम्हीच या.’

‘माझं तोंड बंद करायला?’

‘तोंड उघडायलाच बोलावतोय, बाई.’

मी अटी घातल्या. समई एकाच हाताने पेटेल. हार नाहीत, ओळखी नाहीत. ठरलेल्या वेळी सुरू. भैरवी शेवटच्या बसच्या आधी संपली पाहिजे. गुरुदास म्हणाला, पद्मावतीबाईंशी बोलतो, त्या आटोपतं घेतील. ‘आणि तुमचं भाषण, बाई?’

‘दोन शब्द.’

तो गेल्यावर गडग्यावरून कमलाक्षीला सांगितलं. मला न्यायला-आणायला गाडी येणार, पण नंतर पाहुण्यांबरोबर जेवून निघायचं. म्हणाली, ‘गाडी तुझी, जेवण तुझं. मी माझी बसने येईन-जाईन. यांचं औषध.’

‘पण भैरवी तुझी,’ म्हटलं.

‘नक्की?’

‘अगो, या खेपेला भाषण मीच करणार ना.’

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कमलाक्षीने उद्यासाठी अबोलीचे दोन वळेसर गुंफले, एक मला आणि एक तिला. चार वर्षांत तिने केसांत काही माळलेलं पाहिलं नव्हतं.

शनिवार, १ मार्च

आत्ताच परतले. झोप येणार नाही, आणि यायला नको.

सगळं मनासारखं झालं. घड्याळाच्या ठोक्याला समई पेटली, माझ्या एकटीच्या हाताने, एका काडीत. व्यासपीठावरून मागच्या रांगेतला अबोलीचा केशरी ठिपका दिसत होता. तिच्याकडे बघून बोलले. दोनच शब्द. वक्तशीरपणाबद्दल. त्या ओघात मदर ॲग्नेस आल्या, त्यांना वगळून कसं चालेल? मग साखळीच्या रस्त्यावरचे खनिजाचे ट्रक, कारण बसला उशीर होतो तो त्यांच्यामुळे. समईच्या त्या पाच हातांबद्दलही एकदा कोणीतरी बोलायलाच हवं होतं. लोकांना आवडलं, हसत होते. मग टाळ्या केव्हा वाजवायच्या आणि केव्हा नाही, तेही समजावून सांगितलं. आणि शेवटी भाषणं लांबवणाऱ्यांचा समाचार. गुरुदासने मधे दोनदा पाण्याचा पेला पुढे सरकवला. मोठा अदबशीर झालाय. आठवीत असा नव्हता.

पद्मावतीबाई साठीच्या पुढच्या असतील. आवाज किंचित चिरलेला, पण त्या चिरेतूनच उजेड यावा तसा. भैरवी सुरू झाली आणि माझं काय झालं ते लिहिता येत नाही. मला रागदारी कळते अशातला भाग नाही. पण घरातलं माणूस गावाला निघालंय, फाटकापाशी वळून बघतंय आणि आपल्याला काही म्हणायचंय ते सुचत नाही, तसं वाटलं. कमलाक्षीला ‘सगळं ऐकून मग येते ती’ का हवी होती ते कळलं. रेडिओवर हे नाही मिळत.

मागे वळून तिचा चेहरा बघावासा फार वाटला. पण पहिल्या रांगेत बसून मान वळवणं शोभत नाही. नंतर फोटो, जेवण. ती गेलीच होती बससाठी.

शब्द पाळला. मदर ॲग्नेस, बघताय ना?

रविवार, २ मार्च

सकाळी गडगा ओलांडून गेले. कमलाक्षी बाबुरावांना पेज भरवत होती. कालचा वळेसर खिडकीत, पाण्याच्या वाटीत.

‘भाषण बरं झालं,’ म्हणाली. ‘लोक काय हसले गो.’

मग बाबुरावांचं तोंड पुसलं, चमचा ताटलीत ठेवला, आणि विचारलं, ‘भैरवी कशी होती?’