पांढऱ्या पडद्यापुढचं रोप

२ मार्च
पेरलं! प्लॅस्टिकच्या कपाला खाली भोक पाडलं, माती भरली, मधोमध टोमॅटोचं एकच बी. ताईनेच जपून ठेवलेल्या पुडीतलं.

सकाळी माझ्या रक्तातून काढलेल्या मूळ पेशी ताईच्या अंगात गेल्या. पिशवी केवढीशी, तासाभरात रिकामी. आता त्यांनी तिच्या हाडांत शिरून नवं रक्त बनवायचं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवडे काही सांगता येणार नाही. तोवर ताई काचेच्या खोलीत. तिथे फुलं, झाडं, माती — सगळ्याला बंदी. आणि ही बावीस वर्षं रोपवाटिकेत काढलेली बाई! म्हणून ठरवलं, रोज दहाला एक फोटो तिला पाठवायचा. घराच्या पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ आहेच. पासपोर्टवाल्यांच्या पांढऱ्या पडद्यापुढे कप ठेवला.

५ मार्च
चार फोटो झाले. चारही मातीचे. आमचे हे विचारतात, "पासपोर्ट कुणाचा, गांडुळाचा का?"
ताईच्या तोंडात फोड आलेत, बोलता येत नाही. नुसता अंगठा पाठवते.

९ मार्च
आलं! वाकडी मान मातीतून वर, डोक्यावर टरफल तसंच. एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं, बसू दे. एकोणीस फोटो काढले. सगळ्यात चांगला ताईला पाठवला. उत्तर नाही. झोपली असेल.

१० मार्च
खिडकीतला उजेड छळतोय. कालचा फोटो पिवळा, आजचा निळसर. शेजारी ठेवले तर एकाच रोपाचे वाटत नाहीत. एकतीस वर्षं या धंद्यात आहे, असलं खपवून घेणार नाही. खिडकीला काळा कागद डकवला. आता उजेड फक्त माझ्या फ्लॅशचा.

१२ मार्च
दीड इंच! फोटो कसे एका ठशाचे.

१४ मार्च
अडीच इंच! शिडशिडीत, गोरंपान. कौतुकाने बघतच बसले.

ताईला ताप आहे. नर्सबाई म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करून असतात दिवसभर. फोन उघडतच नाहीत." रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा अजून शून्याजवळच. बारा दिवस झाले. माझ्याच पेशी कामचुकार निघाल्या तर? लहानपणापासून ताईची कामं टाळत आले, तशाच त्याही? भीती वाटते. नर्सबाईंना गळ घातली — फोटो तेवढा तिच्या डोळ्यांपुढे धरा.

१६ मार्च
फोन! ताईचा नंबर! आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा.

"खोलीत अंधार करून ठेवलायस का गं?"

म्हटलं, कागद लावलाय खिडकीला. फोटोत उजेड सारखा यावा म्हणून.

"अगं मूर्ख मुली, ते वाढत नाहीये. उजेड शोधतंय. उपाशी आहे ते. आधी तो कागद फाड."

मग दम खात खात बाकीचं. खोल कुंडी घे. वरच्या दोन पानांपर्यंत देठ मातीत जाऊ दे, त्यालाच मुळं फुटतील. पाणी बेताने, तुझा हात सढळ. चांगली सहा मिनिटं झापलं मला! बावन्नाव्या वर्षी! मी फोन कानाशी धरून रडत होते आणि हसत होते. शेवटी नर्सबाईंनीच तिच्या हातातून फोन काढून घेतला.

कागद टराटरा फाडला.

१७ मार्च
कुंडी बदलली. आजचा फोटो पिवळा. असू दे.

२१ मार्च
हिरवं झालं! आणि मधून पहिलं खरं पान — कातरलेल्या कडांचं, नखाएवढं. ताईचा हुकूम, "पानाची मागची बाजू दाखव." पुढच्या गिऱ्हाइकालाही मी चुकून म्हणाले, "मागे वळा बघू." तो बिचारा वळला.

आकडा सहाशे! डॉक्टर सावध आहेत, म्हणतात अजून बघू. त्यांनी बघावं. मी ह्यांना उठवून दोनदा सांगितलं.

२५ मार्च
अकराशे. चार पानं. दुकानाचं दार लावून नाचून घेतलं.

३० मार्च
ताई गुरुवारी घरी येतेय! डॉक्टरांची पहिली अट — निदान सहा महिने घरात माती नको, कुंडी नको.

फोन ठेवला, कुंडी उचलली आणि शेजारच्या काकूंच्या हातात दिली. "अगं, एवढं जिवापाड वाढवलंस आणि..." त्या बोलतच होत्या. मी केव्हाच परत फिरले होते. पडदे धुवायचेत, फरशी पुसायचीय, ताईची खोली लावायचीय.

दहा वाजून गेले. आजचा फोटो राहिला.