शिकवायला कुणी हवं

१४ जून

ती. आत्यास,
सा. न.

फोनवर बोलायला लागलं की तुला वॉर्डातून कुणीतरी हाक मारतंच, म्हणून हे पत्र. मार्क चांगले पडले, पण नर्सिंगला प्रवेश मिळाला नाही. यंदा कॉलेजच्या जागा निम्म्यावर आल्यात आणि मी प्रतीक्षा यादीत लटकलेय. बाबा तावातावाने प्राचार्यबाईंना भेटायला गेले. त्यांनी आधी चहा पाजला, मग सांगितलं की अनुदान मिळतं ते शिकवणाऱ्यांच्या हिशोबाने. मुलींना रुग्णाजवळ उभं करून शिकवतील अशा जुन्या, जाणत्या सिस्टर निवृत्त होत चालल्यात. शिकवायला कुणी नाही, तर जागा नाहीत. खाजगी कॉलेजात जागा आहेत, पण तिथली फी ऐकून बाबा दुकानात परतले आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावून बसले.

आई म्हणते, दुसरं काहीतरी शीक. मला दुसरं काही सुचतच नाही गं. आजीच्या आजारपणात सगळं घर घाबरलेलं असायचं आणि तू नुसती खोलीत आलीस की सगळ्यांचे खांदे खाली यायचे. मला तसं खोलीत शिरता यायला हवंय.

तुझी खोली मात्र रंगवून तयार आहे. ऑगस्टात निवृत्त होऊन आलीस की हवं तेवढं झोप, कुणी उठवणार नाही. गुडघ्यांना जप.

माया अशीच असू दे.
तुझी,
ठमी

६ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. आमच्या दवाखान्यात शिकाऊ मुली कधी आल्याच नाहीत. का, ते कुणी विचारलंही नव्हतं. मी मेट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिकवणार कोण?

तर ऑगस्टात मी येत नाही. दोन वर्षं आणखी थांबतेय. बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर, जिला तू फौजदारीण म्हणतेस, तीही थांबतेय. घरी बसून नवऱ्याला शिस्त लावण्यापेक्षा हे बरं, असं तिचं म्हणणं. तिच्या नवऱ्याचंही तेच. मुली इकडे पाठवा, आम्ही शिकवू, असं तुमच्या प्राचार्यबाईंना आम्ही कळवलंय, वरून होकार यायचाय.

आशेवर बसू नकोस. जागा वाढल्या तरी यादीप्रमाणेच भरतील. तुझ्यासाठी मी कुठे शब्द टाकणार नाही. तुझ्या वरच्या मुलीलाही कुणी आत्या असेल, नसेल. दादाची समजूत तू घाल, माझ्याच्याने होणार नाही.

जेवत जा, आईशी वाद घालू नकोस.
तुझी,
आत्या

२८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

प्रवेश मिळाला. यादी हळूहळू सरकत माझ्यापर्यंत आली आणि माझ्याही पुढे गेली. माझ्या खालची मुलगी तर कॉलेजच्या पायरीवर बसून रडली. तिला उठवता उठवता मीही बसले.

प्राचार्यबाई म्हणाल्या, तुमच्या दवाखान्याने होकार दिला नसता तर या जागा उघडल्याच नसत्या. तू माझी आत्या आहेस हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. बाबा तुझ्यावर रुसले होते, आता गिऱ्हाइकांना धरून धरून तुझंच कौतुक ऐकवतात. गणवेशाचं कापड त्यांनी जुलैतच आणून लपवलं होतं, हे आईला आत्ता कळलं.

त्या रिकाम्या खोलीत मी अभ्यासाला बसते. तुझी विश्रांती माझ्या वाट्याला आली, हे तिथे बसलं की फार जाणवतं. आभार कसे मानू, सुचत नाही. नीट शिकेन, एवढंच.

रागावण्याचा हक्क राखून लोभ ठेव.
तुझी,
ठमी

३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुमची शिकाऊ मुलींची तुकडी कॉलेजात परत गेल्यापासून वॉर्ड ओकाओका वाटतो. सगळ्यांसमोर तुला चादर तीनदा घालायला लावली, त्याचा राग संध्याकाळी माझे गुडघे चोळताना काढलास, म्हणजे फिटलं.

पक्षाघाताचे ते बसकंडक्टर आठवतात ना, जे कुणाच्या हातून खात नव्हते? तू उशा लावून त्यांना सरळ बसवायचीस, घास गिळून होईपर्यंत थांबायचीस, आणि तोवर बसच्या थांब्यांची नावं मुद्दाम चुकीच्या क्रमाने म्हणायचीस. काल डॉक्टर तपासत असताना ते पहिल्यांदा बोलले. थांब्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, आधी हा. त्यांची बायको पलंगाचा दांडा धरून उभी राहिली. तुला निरोप द्यायला सांगितलाय.

तू माझे आभार मानतेस. मला मात्र गेली दोन-तीन वर्षं एकच घोर होता, हा वॉर्ड कुणाच्या हाती देऊन जायचं? घरी कुणापाशी बोलले नव्हते. काल त्या बाईंना खुर्ची दिली आणि भांडारखोलीत जाऊन जरा डोळे पुसले. फौजदारिणीने पाहिलं आणि बाहेरून दार लोटून घेतलं.

सर्वांना नमस्कार. तब्येत सांभाळ, आणि चादरीचे कोपरे ताणून घे.
तुझी,
आत्या