बाटली बदलली नव्हती

दि. ३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दिलेल्या औषधानं खोकला गेला, पण वकील मागे लागलाय. त्याच्यावर तुझ्या दुकानात काही असेल तर पाठव. तो म्हणतो, स्वतःहून दारू प्यायलो हे निमित्त कोर्टात चालत नाही. मात्र दुसऱ्यानं नकळत काही पाजलं आणि त्यानं भान गेलं, तर माणूस सुटू शकतो.

म्हणून एक विनंती. त्या दुपारी खोकल्याच्या औषधाऐवजी चुकून गुंगीची बाटली दिली गेली, एवढंच तू साक्षीत सांग. तुझा फार तर परवाना जाईल, मला मात्र सात वर्षं होतील. लहानाचं मोठं तूच केलंस, आता वाऱ्यावर सोडू नकोस. मला त्या संध्याकाळचं काही म्हणजे काही आठवत नाही. आणि तुझ्या लाडक्या भावजयीनंही ऐन वेळी तोंड फिरवलं, नाहीतर लोखंडी पाना खांद्यावर बसला असता, कानावर नाही.

लहानावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

दि. ९ मार्च
चि. धाकट्यास,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतंच पत्र.

बावीस वर्षांत माझ्या हातून बाटली बदललेली नाही. प्रत्येक लेबल मी दोनदा वाचते, तुझं तिसऱ्यांदा वाचलं, कारण तू माझा भाऊ. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोरानं बहिणीकडे बोंब उसनी मागितलेली पहिल्यांदाच पाहिली.

परवान्याचं जाऊ दे. तुला काही आठवत नाही, मग तिनं तोंड फिरवलेलं बरं आठवतं? नेम कुठे धरला होतास तेही आठवतं. चार दिवस मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, तुला वाचवणारा काही अर्थ निघतो का ते पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण पाहिलं.

भावजय माझ्याकडेच आहे. डाव्या बाजूनं बोललेलं तिला ऐकू येत नाही, म्हणून मी उजवीकडे बसते. तुझं पत्र तिनं वाचलं, घडी घातली आणि जपून ठेवा म्हणाली. मी ठेवलं नाही. काल सरकारी वकिलांकडे नेऊन दिलं. अक्षर कोणाचं, असं त्यांनी विचारलं. माझ्या भावाचं, म्हटलं. हात धरून मीच गिरवून घेतलंय, कोर्टातही तेच सांगेन.

यापुढे लोभाची अपेक्षा ठेवू नये.
ताई