साहेबांच्या दारावरची चिठ्ठी

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : समाजशास्त्राच्या शिक्षिका, इयत्ता आठवी.

विषय : ‘मालमत्ता आणि मालकी हक्क’ हा पाठ चुकीचा शिकवल्याचे वर्गासमोर कबूल करण्याच्या आदेशाबाबत.

संदर्भ : आपली तीन पानी नोटीस, दि. ११.

महोदय,

१. नोटीस पोचली. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत या कार्यालयाने आमच्या गळक्या छतावर तीन ओळी लिहिल्या नाहीत. माझ्यावर तीन पाने पाहून भरून आले.

२. घडले ते असे. पाठ संपल्यावर मी गृहपाठ दिला : घरातली वस्तू ज्याच्या मालकीची, त्याच्या नावाची चिठ्ठी तिच्यावर चिकटवा. चिठ्ठ्या आणि डिंक शाळेचा. एका मुलाने आजीच्या कवळीवर वडिलांचे नाव लावले. दात आजीचेच राहतात, हे त्याला समजवायला अर्धा तास गेला. बहुतेक घरांत आईच्या वाट्याला झाडू, कुकर आणि इस्त्री आली. घर कुणाचे, या प्रश्नावर मुली एकमेकींकडे बघत बसल्या.

३. त्यांतली एक आपली भाची. तिच्या आईने, म्हणजे आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, स्वतःच्या नावाची चिठ्ठी घेतली आणि त्या संध्याकाळभर घरात फिरल्या. मग आपल्या वडिलांच्या दोन मजली घरी गेल्या, जिथे आता आपण एकटे मालक असल्यासारखे राहता, आणि नावाखाली एक ओळ लिहून ती पुढच्या दारावर चिकटवून आल्या : ‘यातले अर्धे माझे.’ सोमवारी त्या हक्कसोडपत्रावर सही करणार होत्या, ती केली नाही. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाल्या, “माझी चिठ्ठी लावायला माझ्या घरात जागाच सापडेना, बाई. मग आठवलं, जागा आहे, पण दादाकडे.”

बुधवारी मला नोटीस आली.

४. शालेय डिंकाचा गैरवापर हा आरोप मान्य. आपण आधी नखाने, मग सुरीने खरवडलेत, तरी चिठ्ठी निघाली नाही असे ऐकते. डिंक पाणचट येतो अशी तक्रार मी गेल्या वर्षी केली होती. ती मागे घेते.

५. ‘सुखी कुटुंबात फूट पाडली’ हा आरोप वाचून चोरांच्या बोंबांविषयीची एक म्हण आठवली. ती आठवीला नेमलेली आहे, आपल्याला पाठ असेल, म्हणून इथे लिहीत नाही.

६. आपला आदेश असा की, पाठ चुकल्याची कबुली म्हणून ‘बहीण आपला हक्क प्रेमाने भावाला सोडते’ हे वाक्य मी फळ्यावर लिहावे, मुलांकडून दहा वेळा गिरवून घ्यावे, नाहीतर दोन बसा बदलून जावे लागेल अशा शाळेत बदली. माझी निवृत्ती चार वर्षांवर आली आहे, गुडघे कधीच निवृत्त झालेत. घरी आई अंथरुणावर आहे आणि तिचे करणारी मी एकटीच. बदली झाली तर मी मोडेन, हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच तर ती शाळा निवडलीत. मला भीती वाटते, हे लपवत नाही. पण भीतीपोटी खोटे शिकवण्याइतकी मी अजून मोठी अधिकारी झालेले नाही.

७. तरी आदेशाची अगदीच अवहेलना नको, म्हणून काल आपले वाक्य वर्गाला वाचून दाखवले. आपली भाची पहिल्या बाकावर बसते. तिने हात वर केला आणि विचारले, “बाई, प्रेमानंच सोडायचा असेल, तर मामा का नाही सोडत?”

याचे उत्तर देणे माझ्या अधिकारात बसत नाही. सबब विनंती की, आपण स्वतः येऊन ते द्यावे. गुरुवारी चौथा तास मोकळा ठेवला आहे. खडू मी देईन. त्या एकतीस मुलांसमोर आपण हे वाक्य लिहून दाखवलेत, तर बदलीचा हुकूम मी तिथेच सही करून घेईन. आपल्या बहिणीलाही बोलावले आहे. त्या मागच्या बाकावर बसतील.

आपली, नियमाप्रमाणे नम्र,

(सही)
समाजशास्त्राच्या शिक्षिका
दि. १४

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) भाचीची वही. गृहपाठ तपासला आहे, उत्तर बरोबर.
३) उरलेला डिंक, अर्धी बाटली. बाकीचा अर्धा आपल्या दारावर आहे.