दुसऱ्यांदा वाजणारी घंटा

प्रिय आत्या,

गोळ्यांची आठवण करून देणारी तुझ्या फोनमधली घंटा आमच्या कंपनीची आहे, हे तुझं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालंय. "घरातली पहिली ग्रॅज्युएट, तिनंच केलंय," म्हणतेस. मी फक्त ते तपासते गं. या वेळी तेही नीट करू दिलं नाही.

त्या घंटेच्या अ‍ॅपची नवीन आवृत्ती घाईत सोडली. फोन बंद करून पुन्हा चालू केला, की घेतलेली गोळी ती विसरते आणि घंटा परत वाजते. सोडण्याआधीच मी हे साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "आधी लोकांकडे जाऊ दे. तक्रारी आल्या की दुरुस्त करू."

"सर, मधुमेहाची गोळी दोनदा घेतलेला माणूस तक्रार करायला शुद्धीवर तर हवा."

"तू फार मनाला लावून घेतेस," म्हणाले आणि चहाला गेले.

तू दुपारच्या जेवणानंतरची गोळी घेतेस आणि झोपताना फोन बंद करतेस, "त्यालाही जरा पडू दे" म्हणून. उठल्यावर घंटा वाजली, तर तू स्वतःवर नाही, तिच्यावर विश्वास ठेवशील.

फोनवर सांगताना रडू येईल, म्हणून लिहायला बसले. पण पत्र पोहोचेपर्यंत तुझ्या किती दुपारी जातील. तेव्हा हे राहू दे, आत्ताच फोन लावते. तुझा नंबर मला पाठ आहे. ही घंटा वापरणाऱ्या बाकी लोकांच्या आत्यांचे नाहीत, म्हणून नंतर साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहणार आहे. आवृत्ती मागे घेईपर्यंत हलणार नाही.

तुझी,
भाची