बंबखान्यातला न्यायाधीश

४ जानेवारी
मिळाला! पालिकेने जुना बंबखाना आमच्या कलामंडळाला लीजवर दिला. आगीचे बंब नव्या स्टेशनात गेले, तेव्हापासून इमारत कबुतरांकडे होती. आता कलेकडे. मी मंडळाचा अध्यक्ष. त्यामुळे हे यश माझं, असं कोणी म्हणालं तर मी अडवणार नाही. अजून कोणी म्हणालेलं नाही. अर्ज, नकाशे, पालिकेतले खेटे हे सगळं चिटणीसबाईंनी केलं, कबूल. पण खाली सही कोणाची?

चिटणीसबाई दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांच्यासमोर माणसं तोंड उघडतात, पण बोलू शकत नाहीत. कमिटीतही तसंच चालतं.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठणे. फिरायला जाणे. कोणावरही न ओरडणे. आणि उद्‌घाटनाला माझं तीन अंकी नाटक. न्यायाधीशाच्या भूमिकेत अर्थातच दादा.

५ जानेवारी, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. कालचा दिवस ऐतिहासिक होता, शरीर विश्रांती मागणारच. उद्यापासून नक्की.

९ जानेवारी
पालिकेच्या वारसा विभागाच्या बाई किल्ल्या घेऊन आल्या. अटी वाचून दाखवल्या. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. वरून सरकत खाली यायचा पितळी खांब हलवायचा नाही. दरवाजांचा लाल रंग बदलायचा नाही. आणि मेअखेर वास्तू लोकांसाठी उघडायची. सगळ्या लोकांसाठी, असं दोनदा म्हणाल्या. नाहीतर लीजचा फेरविचार.

मी म्हटलं, मे कशाला, एप्रिलमध्येच उघडू! दुखरी दाढ सापडल्यावर पाहतात तसं चिटणीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

१३ जानेवारी
दादाला बंबखाना दाखवला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक नाटकात मुख्य भूमिका त्याची. लोक म्हणतात नाटक दादामुळे चालायचं. लोकांना दिग्दर्शन दिसत नाही, पण न दिसणं हाच दिग्दर्शनाचा गुण आहे.

आत रबराचा वास अजून आहे. फरशीवर तेलाचे डाग, भिंतीला शिरस्त्राणांच्या खुंट्या. दादा मधोमध उभा राहिला आणि त्याने नुसता हुंकार दिला. वर मनोऱ्यातली कबुतरं उडाली. काय आवाज! सत्तरी उलटली तरी माईक नको.

मग लाल दरवाजाशी जाऊन बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. म्हटलं, काय बघतोस? तर म्हणाला, बंब अजून परत आले नाहीत, आग मोठी दिसते. मी पोट धरून हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांना विनोद उशिरा कळतो.

२ फेब्रुवारी
पहिलं वाचन. दादाने पहिल्या अंकात आमच्या वीस वर्षांपूर्वीच्या नाटकातलं एक पानभर भाषण ठोकलं. शब्दन् शब्द बरोबर. अशी स्मरणशक्ती कोणाची असते? फक्त नाटक चुकलं. दोष माझ्या टायपिंगचा, अक्षर बारीक आहे. मोठ्या अक्षरात प्रिंट काढणे.

१९ फेब्रुवारी
मोठ्या अक्षरात काढलं. आता स्क्रिप्ट विटेएवढी झाली. दादा पानं उलटी लावतो. पिना मारणे.

दादा आज सकाळीच कोट घालून बंबखान्यात जाऊन बसला होता. तालीम संध्याकाळी. याला म्हणतात निष्ठा. शेजारच्या सायकलवाल्याने त्याला घरी आणून सोडलं. वहिनी दारातच उभ्या होत्या, पायात चपलाही नव्हत्या. किती काळजी करतात बाई.

७ मार्च
वहिनी खाली माझ्या खोलीत आल्या. मी तळमजल्यावर राहतो, दादा-वहिनी वर. मी लग्न केलं नाही, तालमी होत्या. वहिनी सहसा खाली येत नाहीत, वरूनच भाऊजी अशी हाक मारतात आणि जेवण वाढलेलं असतं. आज येऊन बसल्या. म्हणाल्या, भाऊजी, ह्यांना या वेळी सोडा. म्हटलं, सोडू म्हणजे? म्हणाल्या, काल ह्यांनी घड्याळ साखरेच्या डब्यात ठेवलं आणि दिवसभर मला चोर म्हणत होते.

मी समजावलं. कलावंत आहे, तंद्री लागते. भूमिकेत शिरलाय, न्यायाधीश आहे, त्याला सगळीकडे चोर दिसणारच. वहिनी उठून गेल्या. पटलं असावं.

२१ मार्च
कमिटी मीटिंग. चिटणीसबाईंचा प्रस्ताव: उद्‌घाटनाला वस्तीतल्या बायकांचा गायनवर्ग, मुलांची चित्रं, आणि नाटकाचा फक्त एक अंक. मी कडाडलो की बंबखाना म्हणजे पाळणाघर नव्हे. (कोणावरही न ओरडण्याचा संकल्प उद्यापासून परत सुरू.) मतदान झालं. माझ्या बाजूने एक हात. तो हात माझाच होता. दादाने दोन्ही वेळा वर केला, त्यामुळे त्याचं मत बाद.

ठीक आहे. एक अंक. गाळीव माल जास्त दमदार असतो.

९ एप्रिल
एप्रिल आला. उद्‌घाटन एप्रिलमध्ये नाही. स्टेज करणारा सुतार म्हणतो, खिळा न ठोकता स्टेज म्हणजे गाद्या रचण्यासारखं काम आहे, वेळ लागणार. बघा, उशीर आमच्यामुळे नाही.

तालीम बरी झाली. दादा एका वाक्यावर अडतो: या न्यायालयाला सगळं आठवतं. तेवढं बोलला की पुढचं काही आठवत नाही. मी त्याच्यावर खेकसलो. तो दचकला आणि सॉरी म्हणाला. दादा मला कधी सॉरी म्हणाला नव्हता. मला जरा विचित्र वाटलं. उकाडाही होता.

२८ एप्रिल
वहिनींनी दादाला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो, तालीम बुडवून. डॉक्टरांनी दादाला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. दादाने सुंदर गोल काढला. आकडे सगळे एका बाजूला, गर्दी झाल्यासारखे. मी म्हटलं, त्याचं ड्रॉइंग पहिल्यापासून कच्चं. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, वहिनींशी बोलले. आजाराचं एक लांब नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. लिहिलं की ते घरात राहायला येतं.

परत येताना टॅक्सीत वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. दादा मधे बसला होता आणि आम्हा दोघांचे हात धरून होता. म्हणाला, मजा आली, पुन्हा येऊ.

डॉक्टरांना रंगभूमीचा अनुभव नाही, हे उघड आहे. मेंदूला तालीम लागते. तालमी वाढवणे.

१२ मे
तालमी वाढवल्या होत्या. दादा परवा मधेच रडायला लागला. चिटणीसबाई मला मनोऱ्याखाली घेऊन गेल्या आणि हळू आवाजात बोलल्या. म्हणाल्या, अध्यक्ष, तुम्हाला दिसत नाही की बघायचं नाही? मी म्हटलं, उद्‌घाटनाला दादा नसेल तर मीही नाही. राजीनामा देतो. त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, लेखी देईन.

शेवटी तडजोड. नाटकातलं फक्त शेवटचं भाषण. एकटा दादा, एक टेबल, पाच मिनिटं. वहिनी म्हणाल्या, त्यांना स्टेज आवडतं, पाच मिनिटं उभे राहू देत. पण काही झालं तर तुम्ही जबाबदार, भाऊजी.

काही होणार नाही. माझ्याकडे योजना आहे.

२० मे
योजना अशी. न्यायाधीशाच्या टेबलावर जमिनीपर्यंत हिरवं कापड. टेबलाखाली मी, टॉर्च आणि स्क्रिप्ट घेऊन. मी कुजबुजणार, दादा बोलणार. प्रेक्षकांना फक्त दादा दिसेल.

टेबलाखाली बसून पाहिलं. गुडघे कुरकुरतात. सवयीने जमेल.

३१ मे, दुपार
आज संध्याकाळी. शेवटच्या तारखेला का होईना, बंबखाना उघडतोय. सकाळी जाऊन आलो. लाल दरवाजे पुसून चकाचक. मुलांची चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली आहेत, खिळा एकही नाही. मी वारसा विभागाच्या बाईंना ते दाखवलं, त्यांना माहीत होतं. दादा दाढी करून तयार आहे. वहिनींनी त्याला काळा झगा शिवलाय. भाषण त्याने घरी एकदा पूर्ण म्हटलं. पूर्ण! डॉक्टरांना बोलावायला हवं होतं.

१ जून
जमेल तसं लिहितो.

हॉल भरला होता. लोक दरवाजाबाहेर फुटपाथपर्यंत. गाणं झालं. वहिनीही त्या बायकांत गायला उभ्या होत्या. गायनवर्गाला जातात हे मला माहीत नव्हतं. मी त्याआधीच टेबलाखाली शिरलो होतो, त्यामुळे फक्त ऐकलं.

मग दादा आला. त्याचे बूट मला कापडाच्या फटीतून दिसत होते. तो म्हणाला, या न्यायालयाला सगळं आठवतं. काय आवाज लागला होता! मग थांबला. मी पुढचं वाक्य कुजबुजलो. काही नाही. जरा मोठ्याने कुजबुजलो. पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. बूट वळले. कापड वर झालं आणि दादा वाकून माझ्याकडे बघायला लागला.

म्हणाला, छोट्या, इथे लपलास होय? चल, बाहेर ये. कोणी रागावणार नाही.

लहानपणी तो मला छोट्या म्हणायचा.

मी मान हलवली, स्क्रिप्ट दाखवली. त्याने ती हातातून काढून बाजूला ठेवली. मी रांगत बाहेर आलो. लोक हसले, त्यांना वाटलं नाटकात आहे. दादाने मला हात देऊन उठवलं, माझे गुडघे झटकले, आणि माझा हात न सोडता लोकांकडे वळला. शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, हा माझा धाकटा भाऊ. गर्दीला घाबरतो. आम्हाला घरी जायचंय. मला रस्ता सापडत नाही. कोणी दाखवाल का?

कोणी हसलं नाही. वहिनी बायकांतून बाहेर आल्या, स्टेजवर चढल्या, दादाचा दुसरा हात धरला. म्हणाल्या, चला, मला माहीत आहे रस्ता. आम्ही तिघं मधल्या वाटेने बाहेर पडलो. मागे टाळ्या सुरू झाल्या. खूप वेळ चालू होत्या. दादा मागे वळून नमस्कार करायला विसरला नाही.

४ जून
पेपरात आलंय. सोहळ्याचा कळस ठरला तो अखेरचा प्रवेश, दोन वृद्ध भावांचं विलक्षण संयत दर्शन, लेखन-दिग्दर्शन अध्यक्षांचं. चाळीस वर्षांत माझ्या दिग्दर्शनाबद्दल छापून आलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

कात्रण कापलं नाही. पेपर रद्दीत टाकला. वहिनींनी वाचला की नाही, विचारलं नाही.

११ जून
वारसा विभागाच्या बाईंचा फोन चिटणीसबाईंना आला. लीज पक्कं. गायनवर्गाचं आणि मुलांच्या चित्रांचं कौतुक केलं. मी राजीनामा लेखी दिला. चिटणीसबाई नको म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टर, या वेळी काढूनच टाका. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आज वहिनींना सांगितलं की दुपारी दादाजवळ मी बसत जाईन, तुम्ही झोपा.  त्या झोपल्या, संध्याकाळ होईपर्यंत.

१८ ऑगस्ट
बुधवारी गायनवर्ग. वहिनी दादाला घेऊन येतात. तो बायकांच्या मागे उभा राहतो, शब्द येत नाहीत, चाल मात्र धरतो. आवाज अजून सगळ्यांच्या वरून जातो, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

मी आधी जाऊन दरवाजे उघडतो, झाडतो, खुर्च्या मांडतो. अर्धगोलात मांडल्या तर सगळ्यांना सगळे दिसतात. आज मांडत होतो तेव्हा दादा लवकर आला आणि बघत उभा राहिला. अगदी अदबीने विचारलं, आपण इथे काय काम करता?

म्हटलं, खुर्च्या लावतो.

म्हणाला, छान लावता.